साठ की आठ?

बँकेतून निवृत्त होताना कॅश काउंटरचा खण रिकामा केला. सुकलेला स्पंज, टाचण्या, दोन रबरी शिक्के आणि तळाशी पिवळा पडलेला एन-९५.

बत्तीस वर्षांतली पहिली बावीस सांगण्यासारखी नाहीत. नोटा मोजल्या, बदल्या झाल्या, संगणक आले. शेवटची दहा मात्र विसरता येत नाहीत.

२०१५ पासून घरचे म्हणत होते, टीव्ही फार मोठा लावता. मी ते कानामागे टाकलं. काउंटरवर माझं काही अडत नव्हतं. नोटबंदीतल्या रांगासुद्धा एका रुपयाची चूक न करता निभावल्या. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं : आवाज ‘ब’चा आणि ओठांची हालचाल ‘ग’ची असली, तर पुष्कळांना ‘ड’ ऐकू येतो. मीही निम्मं डोळ्यांनीच ऐकत होतो. फक्त मला त्याचा पत्ता नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि पत्ता लागला. मास्क सगळा आवाज सारखा दाबत नाही, वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी तेवढे गाळतो. सर्जिकल मास्क तीन-चार डेसिबल खातो, एन-९५ बारापर्यंत. ‘स’ आणि ‘श’चा जीव त्याच पट्टीत, आणि उतारवयातले कानही आधी तिथेच जातात. मग कुणी ‘साठ हजार’ म्हणे, त्यातला ‘स’ कापडात राही, आणि काचेअलीकडे मी आठ मोजी. साहेब रांगेसमोर म्हणाले, “लक्ष कुठे असतं तुमचं?” हे वाक्य मात्र मास्कमधून अगदी स्वच्छ आलं.

एक आजी रक्कम सांगताना मास्क खाली ओढायच्या. मी दर वेळी नियम दाखवून त्यांना दटावलं. खरं तर त्या दिवसांत मला पहिल्याच वेळी कळे ते फक्त त्यांचंच बोलणं.

मग कुणीतरी पारदर्शक मास्क वाटले. ओठ दिसले, पण वाफ धरेपर्यंतच. आणि प्लास्टिकमागचा आवाज सर्जिकलपेक्षाही बोदा. २०२१ मध्ये श्रवणयंत्र घेतलं. कानामागे आधीच चष्म्याची काडी आणि मास्कचं इलॅस्टिक. एकदा चहासाठी मास्क काढला, तर यंत्र उडून शंभराच्या बंडलांवर पडलं.

२०२२ च्या पाडव्याला सक्ती उठली. वाटलं, ओठ परत आले. आले, पण मोबाइलकडे वळलेले.

गेल्या आठवड्यात खातेदार म्हणून रांगेत उभा राहिलो. माझ्या जागेवरचा नवा मुलगा स्क्रीनकडे बघत काहीतरी पुटपुटला. म्हटलं, “काय?” त्याने मान वर केली नाही, आवाज चढवला. ओरडण्याने स्वर फुगतात, ‘स’ होता तिथेच राहतो. माझी शिल्लक मागच्या सगळ्या रांगेला कळली. मला परत विचारावी लागली.