हडपसरची पंचवीस ऑक्टोबर

दिनविशेषाच्या रकान्यात २५ ऑक्टोबरला दोन नोंदी एकाखाली एक बसू शकतात. १८०२, हडपसरची लढाई. १९१७, रशियातली ऑक्टोबर क्रांती. सालांचे अंतर सोडले तर दिवस एकच, असे वाचणाऱ्याला वाटते; पण तो एक नाही. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि तिथली २५ ऑक्टोबर म्हणजे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली ७ नोव्हेंबर. हडपसरची २५ ऑक्टोबर मात्र आजच्याच मोजणीतली. इंग्रजांनी १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर लिहून नवी मोजणी पत्करली होती, त्यामुळे १८०२च्या इंग्रजी तारखेला काही मिळवावे किंवा वजा करावे लागत नाही. सनावळीत बाकी काही चुकले तरी तारीख पक्की असते, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. कोणत्या दिनदर्शिकेतली, हे कळेपर्यंत तारीख अर्धवटच असते.

हडपसरच्या नोंदीभोवती आणखीही गैरसमज आहेत. एका ओळीत आवळलेली ही लढाई पुष्कळांना इंग्रजांविरुद्धची वाटते, कारण तिच्या पाठोपाठ दुसरे इंग्रज-मराठा युद्ध येते. प्रत्यक्षात एका बाजूला यशवंतराव होळकर आणि दुसऱ्या बाजूला दुसरे बाजीराव पेशवे व शिंदे यांच्या फौजा होत्या. पलटणींवर युरोपीय अधिकारी दोन्हीकडे होते, पण कंपनी सरकार लढाईत नव्हते. दौलतराव शिंदे स्वतः रणात होते, हेही खरे नाही. त्यांची फौज सदाशिवराव भास्कर यांच्या हाताखाली लढली. यशवंतरावांनी जिंकल्याबरोबर पुणे लुटले, ही समजूत तर फारच घट्ट बसली आहे. लढाईनंतर त्यांनी शहर लुटले जाऊ नये म्हणून पहारे बसवले होते. पुणेकरांकडून पैसा सक्तीने उकळला गेला तो नंतर. अर्थात यामुळे ती वसुली सौम्य ठरत नाही, फक्त ती त्या दिवसाच्या खाती टाकता येत नाही. बाजीराव मात्र त्याच दिवशी सिंहगडाकडे निघाले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला.

‘दिवाळीतली लढाई’ म्हटले की आणखी एक गफलत होते. त्या साली दिवाळी चालू होती, हे खरे. पण म्हणून २५ ऑक्टोबर दरवर्षी दिवाळीत येत नाही. २०२० मध्ये त्या तारखेला दसरा होता. २०२२ मध्ये त्याच तारखेला आश्विन अमावास्या होती आणि पुण्यात मावळतीला सूर्याला ग्रहण लागलेले दिसले. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने तिथी मागे सरकत जाते आणि अधिक महिना आला की तो तिला पुन्हा पुढे ढकलतो.

याहून नाजूक उदाहरण शिवजयंतीचे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे. आजच्या मोजणीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ सुद्धा अशीच, नव्या मोजणीने १६ जून. यात कुणी चूक केली असे नाही. इतिहासाच्या ग्रंथांत त्या काळाच्या तारखा सहसा ज्युलियनच ठेवतात. घोटाळा होतो तो दिनविशेषाच्या रकान्यात, जिथे १६३०, १८०२ आणि १९१७ एकाच गजाने मोजले जातात. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाशी शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस या दोघांचे मृत्यू जोडले जातात. इंग्लंड आणि स्पेन यांच्या दिनदर्शिकांत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

यावर आक्षेप असा की दहा दिवसांनी काय बिघडते? अभिवादनापुरते काहीच नाही. १९ फेब्रुवारी हा आता सार्वजनिक संकेत आहे आणि तो मोडायचे कारण नाही. मात्र दोन नोंदींची तुलना करायची असेल, कुठल्या पत्राआधी कुठली घटना घडली हे लावायचे असेल, तर दहा दिवस म्हणजे फौजेच्या कितीतरी मजला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुणेकरांच्या लेखी हडपसरच्या लढाईचा दिवस शके १७२४च्या आश्विन वद्यातला होता, मग तिथीच खरी आणि तारीख परकी नव्हे काय? हे पटत नाही. तिथी चंद्राची कला सांगते, आजची तारीख ऋतूशी बांधलेली असते. ‘तोच दिवस पुन्हा आला’ असे म्हणताना यापैकी काय परत यावे, हे ठरवणारे आपण. संगमावरच्या इंग्रज रेसिडेंटाच्या, बॅरी क्लोजच्या, दप्तरात तारीख पडत होती आणि शहरातल्या दप्तरांत तिथी, दोन्ही त्याच सोमवारच्या. छापताना दोन्ही द्याव्यात आणि १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखेपुढे ‘जुनी मोजणी’ एवढे दोन शब्द घालावेत. रकान्यात तेवढी जागा असते.