थेंबभर तांबं आणि निमोचा जीव

खाऱ्या पाण्यातल्या माशांवर पांढरे ठिपके दिसले की अनेकदा तांब्याच्या औषधाची बाटली हातात पडते. ती उघडण्याआधी हे वाचाच!

नागपूरपासून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटर लांब. तरी धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये शिरलात आणि काचेच्या टँकमध्ये नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश दिसला, तर दचकू नका. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम अॅक्वेरियमचं समुद्री मीठ मिसळलं की घरातच समुद्र तयार होतो. 'निमो'च्या प्रेमात पडून तुम्हीही असा टँक लावला असेल किंवा लावायच्या बेतात असाल, तर माझ्या मित्राची ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

लक्ष्मीभुवन चौकाजवळ तो भाड्यानं राहतो. गाव काटोल, घरी संत्र्याची बाग. शंभर लिटरचा टँक त्यानं पॉकेटमनी साठवून उभा केला होता. दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी, चार-पाच शंख आणि खाली समुद्री दगड. एक दिवस माशांच्या परांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे कण दिसले. मासे दगडाला अंग घासत होते. तो ओळखीच्या दुकानात गेला. ''काही नाही होत ना भाऊ, तांब्याची दवाई आहे, बिनधास्त टाका,'' असं म्हणून बाटली मिळाली. त्यानं ती थेट टँकमध्ये ओतली.

सकाळी कोळंबी उलटी पडलेली. दोन दिवसांत शंखही गेले. चौथ्या दिवशी माशांवरचे ठिपके मात्र गायब! ''मासे तरी वाचले बे,'' असं त्यानं मला फोनवर सांगितलं. दोन आठवड्यांनी ठिपके परत आले, पहिल्यापेक्षा जास्त. एक मासा गेला.

चुकलं कुठे?

ठिपके गेले, रोग नाही

या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. शास्त्रीय नाव मिळालं १९५१ मध्ये, म्हणजे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं त्याच वर्षी. त्याचं जगणं तीन टप्प्यांत चालतं. आधी तो माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस खातो, तेच आपल्याला दिसणारे ठिपके. मग पोट भरलं की मासा सोडून तळाला, दगडाला चिकटतो आणि भोवती कवच करतो. आत पेशी फुटत राहतात. काही दिवस ते काही आठवड्यांनी त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

आता नीट लक्ष द्या. तांबं मारतं ते फक्त या शेवटच्या, पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखाली किंवा कवचात बसलेल्याला ते काही करू शकत नाही. मित्राच्या टँकमधले ठिपके औषधानं गेले नव्हते, परजीवी आपणहून खाली उतरला होता. तोवर पाण्यातलं तांबं दगडांनी आणि वाळूनं शोषून घेतलं. कवचं फुटली, तेव्हा पाण्यात पुरेसं औषध उरलंच नव्हतं.

मोरचूद घरचंच, पण माप वेगळं

गंमत म्हणजे हे औषध काटोलच्या पोराला लहानपणापासून माहीत होतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. डिंक्या रोग येऊ नये म्हणून संत्र्याच्या खोडाला लावतात त्या बोर्डो पेस्टमध्ये तेच असतं. फवारणीच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना जातो. माशांच्या टँकमध्ये मात्र साध्या, आयनिक तांब्याचं प्रमाण लागतं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. हिशोब करा. बागेतलं तांबं टँकमधल्यापेक्षा बारा हजार पटींहून जास्त होतं! ४० लिटर पाण्याला मोरचूद लागेल जेमतेम ३१ मिलिग्रॅम. चिमटीत तर याच्या कितीतरी पट येतं. म्हणून शेतीचं मोरचूद चुकूनही टँकमध्ये टाकू नका.

पिण्याच्या पाण्यात दुसरा स्रोत नसेल तर भारतीय मानकानुसार लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. म्हणजे तुम्हाला पचेल त्याच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी तांब्यात कोळंबी, शंख आणि प्रवाळ मरतात. आणि कोळंबीच्या स्वतःच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्यही तांब्याचंच असतं! पण पाण्यातून आलेलं जास्तीचं तांबं तिच्या कल्ल्यांना सोसत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, वेगळा टँक. मोठा नको, ४० लिटरचाही चालेल. तळाला काही नाही, ना वाळू, ना दगड. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक फिल्टर, एक हीटर. फिल्टरमधला कार्बन काढून टाका, तो औषध शोषतो. सगळे मासे इथे हलवा.

तांबं एकदम पूर्ण डोसमध्ये देऊ नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा. टेस्ट किटनं रोज मोजा. बाटलीवर 'चिलेटेड' लिहिलं असेल तर माप बदलतं. काही प्रकारांत ते लिटरला दोन मिलिग्रॅमच्या पुढे जातं आणि किटही त्याला चालणारंच लागतं. म्हणून लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. योग्य पातळी सलग किमान दोन आठवडे टिकवावी लागते, बरेच हौशी लोक महिनाभर ठेवतात. मधे एक दिवस जरी पातळी घसरली, तरी पिल्लांना वाट मोकळी.

तिकडे मोठा टँक माशांविना रिकामा ठेवा. अनुभवी हौशी ७६ दिवस थांबतात. मासाच नाही म्हटल्यावर परजीवी उपाशी मरतो आणि शंख-कोळंबीला काही होत नाही.

तांबं नकोच असेल तर आणखी एक रस्ता आहे. दर तीन दिवसांनी मासे पूर्ण कोरड्या, स्वच्छ टँकमधल्या ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचे, असं चार-पाच वेळा. कवच फुटायच्या आत मासा पुढे निघून जातो. मेहनत जास्त, पण हॉस्टेलवाल्यांच्या खिशाला परवडणारा उपाय.

हे विसरू नका

– प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे हाच रोग नाही. फुलकोबीसारखे गोळे असतील तर ते विषाणूमुळे असू शकतात, तिथे तांबं निरुपयोगी. सोनेरी धुळीसारखा थर दिसला तर थांबू नका, 'वेल्वेट' फार लवकर मारतो.

– नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं आटतं, तांबं आटत नाही. घट गोड्या पाण्यानं भरा. पाणी गरम झालं की परजीवीचं चक्रही वेगानं फिरतं.

– मँडरिनसारखे काही मासे तांबं सहन करत नाहीत.

– नवा मासा आणला की आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवा. बहुतेक वेळा रोग त्याच्यासोबतच येतो.

धरमपेठेतून फुटाळ्याकडे गाडी काढली की तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय लागतं. माशांचे आजार हा तिथे अभ्यासाचाच विषय आहे. शंका असेल तर दुकानासोबत तिथल्या जाणकारांनाही विचारा.

मित्राचा उरलेला क्लाऊनफिश महिनाभर वेगळ्या टँकमध्ये राहिला. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर तो टेस्ट ट्यूबमधला रंग चार्टशी जुळवून बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मासा आज ठणठणीत आहे. कोळंबी त्यानं अजून आणलेली नाही. ज्या टँकमध्ये औषध ओतलं होतं, तिथल्या दगडांतून तांबं पुन्हा पाण्यात उतरू शकतं, हे त्याला आता कळलंय. ''बाबा मोरचूद तराजूवर मोजतात, मी मात्र बाटलीच उलटी केली,'' असं तो परवा म्हणाला.

तुम्ही मोजा. मासा सांगू शकत नाही ना!