ज्येष्ठ भगिनींचा व्यायाम : स्वावलंबनाची शिदोरी

“दिवसभर घरकाम करते, मग निराळा व्यायाम कशाला?” असे माधवनगर-बुधगाव परिसरातील ज्येष्ठ भगिनी आम्हांस नेहमी विचारतात. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि ओट्यापाशी तासन् तास उभे राहिल्याने शरीर थकते, पायांची ताकद व तोल वाढतोच असे नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते आणि वयानुसार स्नायूही क्षीण होतात. मग न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते, खुब्याचे हाड मोडते आणि आयुष्यभर घर सांभाळणारी स्त्री परावलंबी होते.

हे पुष्कळ अंशी टाळता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार पासष्टीनंतरही आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि किमान तीन दिवस ताकद व तोल वाढविणारे व्यायाम करावेत. हाताच्या आधाराविना खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, यांस खर्च नाही. हृदयविकार, सांधेदुखी वा चक्कर असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बारामती येथे २०१४ साली साठी ओलांडलेल्या लता करे यांनी पतीच्या उपचारांसाठी नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकली. प्रत्येकीने धावावे असे नव्हे. जमिनीवरून स्वतः उठता यावे, देवळापर्यंत एकटीने जाता यावे, एवढे साधले तरी पुष्कळ. घरच्या मंडळींस विनंती, की आजीला “बसून राहा” म्हणण्याऐवजी तिच्यासोबत रोज अर्धा तास चालावे.