रक्तदाब आणि औषधाचें सातत्य

ज्वर आला कीं अंग तापतें, दांत दुखूं लागला कीं झोप उडते; मग औषधाची आठवण कोणास करून द्यावी लागत नाहीं. वाढलेल्या रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. हा विकार बहुधा मुकाट्यानें वाढतो. माणूस शेतांत राबतो, हंसतो, बोलतो. आणि त्याच वेळीं रोहिण्यांच्या भिंतींवरील ताण त्याचें हृदय, मेंदु व मूत्रपिंडें यांची हानि करीत असतो. म्हणूनच वरचा दाब १४० किंवा खालचा ९० यांहून कमी नाहीं, असें पुनःपुन्हां आढळल्यास, रोग्यास कांहीं त्रास नसला तरी उपचार सांगितला जातो.

अडचण येथेंच उत्पन्न होते. गोळीनें दाब उतरतो. तो उतरल्याचें कळतांच ‘आतां बरें आहे’ म्हणून गोळी थांबते. परंतु दाब उतरला तो गोळीमुळें. रोग समूळ गेला म्हणून नव्हे. मोट थांबली कीं पाट कोरडा पडतो. तसाच गोळीचा गुण थोड्या दिवसांत ओसरतो आणि दाब पूर्ववत् चढतो.

हा दोष केवळ अडाणीपणाचा मानूं नये. दीर्घकालीन रोगांत, विकसित देशांतसुद्धां, सरासरीनें निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणें औषध घेतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालच्या अहवालांत नमूद केलें आहे. खेड्यांत त्यांत आणखी भर पडते. दवाखाना दूर, दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथें पोंचावें तों औषध संपलेलें!

२०१७ सालीं सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमानें नेमका याच अडचणींना हात घातला. महाराष्ट्रांत त्याचा आरंभ सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा या जिल्ह्यांत झाला. औषधांचा क्रम ठरलेला व सोपा. गोळ्या एकदम महिन्याच्या. आणि प्रत्येक रोग्याचें कार्ड आरोग्य केंद्रांत ठेवलेलें. ज्याची तारीख टळली त्याचें कार्ड मागें उरतें. मग त्यास दूरध्वनि केला जातो, अथवा आशा कार्यकर्ती घरीं जाऊन चौकशी करते. रोग्यास दोष देण्यापेक्षां त्याची वाट सुकर करणें अधिक फलदायी, हें या पद्धतीचें मर्म होय.

घरच्यांनाहि पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. गोळीची वेळ सकाळच्या चहासारख्या नित्याच्या गोष्टीशीं जोडावी. डबी रिकामी होण्यापूर्वींच नवीन गोळ्या आणाव्या. दिवसाचें मीठ पांच ग्रॅमच्या आंत ठेवावें. मात्र मीठ कमी केलें म्हणून गोळी सोडूं नये. ॲम्लोडिपिन या प्रचलित औषधानें कधीं कधीं पायांवर सूज येते. अशा वेळीं गोळी गुपचूप बंद न करतां डॉक्टरांस सांगावें. ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील. बरें वाटणें हें रक्तदाबाचें माप नव्हे. तें माप यंत्रावर दिसतें, आणि तें आटोक्यांत राहिलें तरच अर्धांगवायु व हृदयविकार यांचें भय कमी होतें.