कथास्पर्धा दरवर्षी भरवायची असेल, तर आधी विश्वास कमवा

२०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या पुस्तकाला मिळाला. कथासंग्रहाला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. कर्नाटकातल्या मुस्लिम बायकांच्या घरातल्या, रोजच्या जगण्यातल्या या कथा. दीपा भास्ती यांनी त्या इंग्रजीत नेल्या.

आता प्रश्न आपला. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या कथा कुठे आहेत? सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते १९९० साली. म्हणजे लिहिण्याची परंपरा नवी नाही. पण वहीत लिहिलेली पहिली कथा पाठवायची कुठे आणि ती मन लावून वाचणार कोण, हे घरात बसून लिहिणाऱ्या मुलीला आजही कळत नाही. दरवर्षी होणारी कथास्पर्धा हे याचं एक चांगलं उत्तर आहे. मोहल्ल्यातलं वाचनालय, शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ किंवा एखादी ट्रस्टही ती चालवू शकते.

अडचण अशी की, पहिल्या वर्षी मोठा कार्यक्रम होतो, दुसऱ्या वर्षी कथा कमी येतात आणि तिसऱ्या वर्षी स्पर्धाच बंद पडते. पैसे कमी पडले, असं सगळे म्हणतात. पण बहुतेक वेळा कमी पडतो तो विश्वास. ‘बक्षीस आधीच ठरलेलं असतं’ असं एकदा लोकांच्या मनात बसलं की चांगला लिहिणारा पुन्हा कथा पाठवत नाही.

मोठी स्पर्धा कशी चालते?

कॉमनवेल्थ कथा पुरस्काराचं उदाहरण घेऊ. २०१२ पासून तो आजच्या स्वरूपात दिला जातो. प्रवेश फी नाही. कथा अप्रकाशित हवी, २ ते ५ हजार शब्दांची. एका लेखकाची एकच कथा. पाच विभागांतून पाच विजेते निवडतात आणि त्यांतून एक सर्वोत्कृष्ट. २०२४ मध्ये ७,३५९ कथा आल्या आणि पहिली आली मुंबईची संजना ठाकूर. त्याआधी २०१६ मध्ये पराशर कुलकर्णी आणि २०२० मध्ये कृतिका पांडे या भारतीय लेखकांनी हा पुरस्कार मिळवला होता. नवख्यांनाही इथे वाव मिळतो, कारण नियम आधी जाहीर असतात आणि सगळ्यांना सारखेच असतात.

आपली स्पर्धा शंभर-सव्वाशे कथांची असेल, पण तत्त्व तेच.

नाव झाका, अक्षरही झाका

आपल्याकडे सगळे एकमेकांचे नातेवाईक. परीक्षकाचा भाचा स्पर्धेत असणं काही नवल नाही. म्हणून नाव-पत्ता वेगळ्या कागदावर घ्या आणि कथेवर फक्त क्रमांक टाका. ही यादी एकाच माणसाकडे राहू द्या आणि त्याने परीक्षण करू नये. हाताने लिहिलेली कथा आली तर शब्द न बदलता टाइप करून घ्या, कारण अक्षरावरूनही माणूस ओळखता येतो. तरीही कथा ओळखीची वाटली तर परीक्षकाने तसं सांगावं आणि त्या कथेपुरतं बाजूला व्हावं.

वाचायला वेळ लागतो

हिशेब करून बघा. १२० कथा, प्रत्येक कथा दोघांनी वाचायची म्हणजे २४० वाचनं. एका वाचनाला २० मिनिटं धरली तर ८० तास होतात. चार वाचक असतील तर प्रत्येकी २० तास. हे काम आठवड्यात उरकायचं नाही, दीड-दोन महिने ठेवा. दोघांनी आपापसांत न बोलता गुण लिहून द्यावेत. गुणांत मोठा फरक पडला तर तिसऱ्याने वाचावं. शेवटच्या १०-१२ कथा तिन्ही अंतिम परीक्षकांनी वाचाव्यात आणि मगच एकत्र बसून चर्चा करावी.

तात्पर्य शोधू नका

साहित्यिक कथा आणि बोधकथा यांत फरक आहे. ‘शेवटी शिकवण काय?’ म्हणून गुण कापले तर पुढच्या वर्षी सगळ्या कथा भाषणासारख्या येतील. माणसं खरी वाटतात का, प्रसंग डोळ्यासमोर उभा राहतो का, शेवट कथेतूनच आलाय का, एवढं पाहा. संवादांत दखनी किंवा कोकणी बोली आली, अम्मी-खाला-दस्तरखान आलं, तर ती चूक समजू नका. घरात जे बोललं जातं तेच कथेत यायला हवं. शुद्धलेखन छापण्याआधी तपासता येतं.

कथा लेखकाचीच

‘पाठवलेल्या कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं नियमांत सर्रास छापलं जातं. हे बरोबर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आयोजकांनी फक्त एकदा छापण्याची परवानगी मागावी. घरातलं दुःख लिहिणाऱ्या बाईला टोपणनाव हवं असेल तर तेही मान्य करावं. तिने विश्वासाने पाठवलेली गोष्ट तिला न विचारता व्हॉट्सअॅपवर फिरली, तर ती पुन्हा लिहिणार नाही.

तारीख एकदा ठरवा, मग पाळा

कॉमनवेल्थची खिडकी दरवर्षी १ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर उघडी असते, त्यामुळे लेखक वर्षभर तयारी करतात. आपण फेब्रुवारी-मार्च टाळावा, कारण तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो, तेही बघून घ्यावं. जून ते ऑगस्टमध्ये कथा मागवल्या तर डिसेंबरपर्यंत निकाल देता येतो.

बक्षीस छोटं असलं तरी चालेल. पण जे जाहीर केलं ते निकालाच्या दिवशीच हातात द्या. पुढच्या वर्षाची रक्कम आधी बाजूला काढा, मगच हार-तुरे आणि मंडपाचा खर्च करा. जमलंच तर अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येकाला परीक्षकांची चार ओळींची चिठ्ठी पाठवा. ज्याला बक्षीस मिळालं नाही त्यालाही कळू द्या की आपली कथा कुणीतरी खरंच वाचली. पुढच्या वर्षी तोच अधिक चांगली कथा घेऊन येईल.