डीएनएचे वर्तुळ: बाक किती, यापेक्षा कोणत्या दिशेला?

डीएनएच्या तुकड्याची दोन टोके लायगेज एन्झाइमने जोडली की वर्तुळ तयार होते. पण सारख्याच लांबीच्या तुकड्यांपैकी काही चटकन जुळतात, काही जवळजवळ जुळतच नाहीत. असे का, हे समजण्याच्या आड चार समजुती येतात.

गैरसमज १: तुकडा जितका छोटा, तितके वर्तुळ सोपे.
वस्तुस्थिती: डीएनए ताठर असतो. साधारण १५० बेस-जोड्यांपर्यंत (सुमारे ५० नॅनोमीटर) तो आपली दिशा बऱ्यापैकी टिकवतो. त्याहून छोटा सरळ तुकडा वळवायला खूप ऊर्जा लागते.

गैरसमज २: अंगचे बाक जितके जास्त, तितके वर्तुळ लवकर.
वस्तुस्थिती: सलग सहा अ‍ॅडेनिनचा पट्टा डीएनएला सुमारे १८ अंशांचा बाक देतो. सर्पिलाचा एक फेरा साधारण १०.५ जोड्यांचा. पट्टे तेवढ्याच अंतराने आले तर सगळे बाक एकाच दिशेला पडून त्यांची बेरीज होते: २० पट्टे, २१० जोड्या, ३६० अंश. अंतर अर्ध्या फेऱ्याने वाढवले, की दर दुसरा बाक उलट दिशेला जातो. तुकडा नागमोडी होतो आणि टोके दूरच राहतात. बाकांचे हे दिशा-जुळणे म्हणजेच फेज.

गैरसमज ३: टोके जवळ आली की काम झाले.
वस्तुस्थिती: टोकांची दिशा आणि पीळही जुळावा लागतो. शोर आणि बाल्डविन या संशोधकांनी १९८३ मध्ये सुमारे २४० जोड्यांच्या तुकड्यांची लांबी थोडी थोडी बदलली, तेव्हा जुळण्याची शक्यता दर दहा-एक जोड्यांनी वरखाली झाली. फरक दहापटींहून मोठा होता.

गैरसमज ४: सिम्युलेशन म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक आकाराचे चित्र.
वस्तुस्थिती: उष्णतेमुळे डीएनए सतत थरथरतो. म्हणून मॉन्टे कार्लो पद्धतीत शेजारच्या दोन जोड्यांमधल्या प्रत्येक पायरीचा कल आणि पीळ सरासरीभोवती यदृच्छया बदलून असंख्य साखळ्या रचतात आणि किती साखळ्यांची टोके नीट जुळली ते मोजतात. लेव्हीन आणि क्रॉदर्स या संशोधकांनी १९८६ मध्ये ही वाट दाखवली.

या पद्धतीचे खरे बळ वेगळेच आहे. प्रयोगात बाकांमध्ये पाच जोड्या घातल्या की फेजबरोबर एकूण लांबी आणि पीळही बदलतो. संगणकावर मात्र लांबी आणि पीळ कायम ठेवून फक्त फेज फिरवता येते. एखादा तुकडा सहज वर्तुळ करतो म्हणून त्याला ‘लवचिक’ ठरवण्याआधी फेजचा हा हिशेब करायलाच हवा. तो तुकडा ताठरही असू शकतो, फक्त योग्य दिशेला वाकलेला.