सुगंधी ॲस्टर
सुगंधी ॲस्टर (शास्त्रीय नाव: सिंफियोट्रिकम ऑब्लॉन्गिफोलियम, कुल: ॲस्टरेसी अर्थात कंपॉझिटी) ही उत्तर अमेरिकेतील एक बहुवर्षायू रानटी वनस्पती आहे. मिसूरीतील ओझार्क टेकड्यांसारख्या प्रदेशात चुनखडीच्या ग्लेडवर ती आढळते. ग्लेड म्हणजे जंगलातील उघडी खडकाळ जागा. तेथे खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो.

ओळख
झुडूप ठेंगणे व पसरट असून खोड ठिसूळ असते. पाने लहान, लांबट, बिनदेठाची व एकाआड एक असतात. पान चुरगळल्यास प्रपिंडांमुळे उग्र सुवास येतो. फुले शरद ऋतूत उशिरा येतात. ज्याला सामान्यतः फूल म्हटले जाते ते वास्तविक स्तबक होय. कडेला सुमारे २५ ते ३५ निळसर जांभळी किरण-पुष्पके व मध्यभागी पिवळी, पुढे तांबूस होणारी बिंब-पुष्पके असतात.

न्यू इंग्लंड ॲस्टरशी हिची गल्लत होते, कारण प्रपिंडे दोहोंत असतात. केवळ वासावर विसंबणे म्हणूनच पुरेसे नाही. ती जाती बरीच उंच वाढते, ओलसर जागी आढळते, तिची पाने खोडाला वेढतात व किरण-पुष्पके ५० किंवा अधिक असतात. रेशमी ॲस्टर मात्र ग्लेडवरच वाढते. तिच्या पानांवरील चंदेरी लव हा भेद स्पष्ट करते. शंका उरल्यास स्तबकाखालील हिरवी छदे पाहावीत. सुगंधी ॲस्टरमध्ये ती प्रपिंडयुक्त असून त्यांची टोके बाहेर वळलेली असतात.

वर्गीकरण
टॉमस नटॉल यांनी १८१८ मध्ये या जातीचे वर्णन ॲस्टर ऑब्लॉन्गिफोलियस या नावाने केले. १९९० च्या दशकात गाय नेसम यांनी उत्तर अमेरिकेतील बहुतेक जाती ॲस्टर प्रजातीतून वेगळ्या केल्या. ॲस्टर हे नाव मुख्यत्वे युरोप-आशियातील जातींपुरते उरले. डीएनएच्या अभ्यासानेही या विभागणीस पुष्टी मिळाली. सुगंधी ॲस्टर व्हर्ग्युलस उपप्रजातीत मोडते. तिच्या पेशींत १० किंवा २० गुणसूत्रे असतात. जुन्या ग्रंथांत व रोपवाटिकांत पूर्वीचे नाव अद्याप आढळते, त्यामुळे नोंदी शोधताना दोन्ही नावे पाहावी लागतात. महाराष्ट्रातील फुलबाजारात ‘ॲस्टर’ म्हणून विकले जाणारे फूल तर कॅलिस्टेफस या निराळ्याच प्रजातीचे आहे.

अधिवास
वणवे रोखल्यामुळे अनेक ग्लेडवर पूर्वी लाल सीडार या जुनिपर वृक्षाची दाटी होते. त्याच्या सावलीत ऊनप्रिय वनस्पती मागे पडतात. त्यामुळे काही ठिकाणी झाडे तोडून व नियंत्रित आग लावून ग्लेड पुन्हा मोकळे केले जातात.